आठ दिवस आजी-आबाजींच्या हवाली

आईबाबांनो, दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्या बालाघाटात घरोघरी एकच विषय निघतो. पोरं कधी येणार आणि किती दिवस राहणार? कुणाचा मुलगा पुण्यात, कुणाची लेक नागपुरात, कुणाची दोन्ही लेकरं हैदराबादला. विदर्भ एक्सप्रेस किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाला संपते, तिथून चाळीसेक किलोमीटरवर बालाघाट. कोणती गाडी किती वाजता गोंदियाला लागते आणि पुढची कधी मिळते, हे इथल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतं.

तयारी पंधरा दिवस आधीच सुरू होते. गाद्यांना ऊन दाखवलं जातं, मच्छरदाणी धुऊन निघते. शिंगाडेवाल्याला सांगून ठेवलेलं असतं, सीताफळं पिकत घातलेली असतात. आबाजी बाजारातून छोटीशी चप्पल आणतात आणि मग फोन करून विचारतात, ‘लेकराचा पाय केवढा झाला?’ तुम्ही ऑफिसच्या गडबडीत असता, ‘बाबा, काही आणू नका हो, सगळं आहे त्याच्याकडे,’ म्हणता आणि फोन ठेवता. त्यांना चपलेबद्दल विचारायचं नसतं. त्यांना त्या लेकरासाठी काहीतरी करायचं असतं. आज तुमच्याशी बोलायचंय ते याच गोष्टीबद्दल.

बहुतेक घरांत पुढे काय होतं, ते मी इथे राहून बघते आहे. चार दिवसांचा मुक्काम. पहिला दिवस प्रवासाच्या थकव्यात जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून बैहरमार्गे कान्ह्याचं मुक्की गेट. तिसरा दिवस वारासिवनीच्या मावशीकडे आणि लांजीच्या काकांकडे. चौथ्या दिवशी सामान बांधायचं. या चार दिवसांत आजी कुठे असते? स्वयंपाकघरात. सहा-सात माणसांचा चहा, नाश्ता, दोन वेळचं जेवण, वर फराळ. नातू तिला दिसतो तो एक तर झोपलेला, नाहीतर गाडीत बसताना हात हलवणारा. पोरं निघून गेली की ती शेजारणीला सांगते, ‘आले होते, पण मले तं नीट पाहूनही नाही झालं.’ हे वाक्य मी इतक्या अंगणांतून ऐकलं आहे की आता ते तुमच्या कानावर घालणं मला माझं काम वाटतं.

आपण समजतो, म्हाताऱ्या माणसांना नातवंड डोळे भरून बघायला मिळालं की झालं. तेवढ्यानं होत नाही. डोळे भरून बघणं व्हिडिओ कॉलवरही होतं, जरी त्यात आजीला अर्धा वेळ घराचं छत आणि पळत्या पोराची पाठच दिसत असली तरी. त्यांचा खरा आनंद उपयोगी पडण्यात आहे. लेकराला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं, रडलं की समजावणं, कशाला तरी नाही म्हणणं, हा कारभार काही दिवसांसाठी त्यांच्या हाती आला तर ती भेट. नाहीतर ते दर्शन.

हे भावनेच्या भरात बोलत नाही. माणसाच्या जातीत बाईला मूल होणं थांबल्यावरही इतकं दीर्घ आयुष्य का लाभलं, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या हाडझा समाजात राहून पाहिलं. शिकार आणि रानातलं गोळा करून जगणारी ही माणसं. आई तान्ह्या बाळात अडकली की मोठ्या लेकराचं पोट आजीनं जमिनीतून उकरून काढलेल्या कंदांवर भरतं, असं त्यांना दिसलं. १९९०च्या दशकात त्यांनी यावरून मांडणी केली की आजीच्या या कष्टांमुळेच माणसाच्या वंशात बाईचं उतारवय लांबत गेलं असावं. पुढे २००४ मध्ये फिनलंड आणि कॅनडातल्या जुन्या कुटुंबांच्या नोंदी तपासणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बाया पन्नाशीनंतर जास्त वर्षं जगल्या, त्यांची जास्त नातवंडं जगली-वाढली, असं त्यात आढळलं.

आमच्या धानपट्टीला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. रोवण्याच्या दिवसांत आई बांधीतल्या चिखलात वाकलेली आणि लेकरू धुऱ्यावर आजीपाशी, हे चित्र वैनगंगेच्या दोन्ही काठांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं आहे. त्या आजीला कुणी ‘नातवाला भेटायला मिळालं का?’ असं विचारत नव्हतं, कारण तिच्यावाचून रोवणाच होत नव्हता. आज तुमची नोकरी शेकडो किलोमीटरवर आहे, लेकरू पाळणाघरात किंवा बालवाडीत जातं, आणि इथे आजीच्या हाताला काम उरलेलं नाही. म्हणून वर्षातले आठ दिवस तरी ते काम तिला परत द्या.

एक प्रसंग सांगते. आमच्या शेजारी पुण्याहून चार वर्षांचा नातू आला होता. आधीचे दिवस तो आईच्या ओढणीलाच धरून होता. आई म्हणायची, ‘जा ना, आजीला पापा दे,’ आणि तो आणखी मागे दडायचा. मग एका सकाळी आजी अंगणात सूप घेऊन बसल्या. गेल्या हंगामाचा चिन्नोर निवडायचा होता. बालाघाटच्या या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण आजीच्या लेखी तो सणाला आणि पाहुण्यांना काढायचा तांदूळ. पोरगं आधी दारातून बघत होतं. मग पायरीवर आलं. मग सुपाच्या कडेला उकिडवं बसलं. आजींनी मान वर केली नाही, हाक मारली नाही. त्यानं एक दाणा उचलला.

‘आजी, याला साल का आहे?’

‘तो धान राहिला बापू, कांडला नाही गेला. ठेव बाजूला.’

‘आणि हा?’

‘हा खडा होय. हा दातात आला तं आबाजीचा दात पडंल.’

पोरगं खुदकन हसलं आणि मांडी घालून बसलं. तासाभरात एका वाटीत त्यानं धान, खडे आणि तुकडे वेगळे काढले होते. मधूनमधून चांगले दाणेही त्या वाटीत जात होते, आजी ते गुपचूप सुपात परत टाकत होत्या. दुपारी भाताचं झाकण उघडलं, घरभर वास सुटला, तेव्हा तो प्रत्येकाच्या पानापाशी जाऊन सांगत होता, ‘हा मी निवडला आहे.’ त्या रात्री तो आजीपाशी झोपला. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

यात तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे लहान मूल माणसाजवळ जातं ते कामातून. ‘आजीवर प्रेम कर’ असं सांगून ते होत नाही. आल्याआल्या पापा, मिठी, कविता म्हणून दाखव, असा आग्रह धरू नका. दोन-तीन दिवस लेकरू लांब राहील, त्यानं आजी-आबाजींचं मन खट्टू होईल, म्हणून हे त्यांना आधीच फोनवर सांगून ठेवा: ‘आई, तो आधी बुजेल. तू तुझं काम करत राहा, तोच येईल.’ दुसरी गोष्ट, या सगळ्याला वेळ लागतो. चार दिवसांच्या मुक्कामात लेकरू जेमतेम रुळतं आणि तेवढ्यात तुम्ही बॅगा भरता. म्हणून मी आठ दिवस म्हणते. त्याहून जास्त मिळाले तर उत्तम.

या आठ दिवसांत तुमचं पहिलं काम म्हणजे स्वयंपाकघर ताब्यात घेणं. हे मी सुनेला सांगत नाही, मुलाला सांगते. बाबा लोकांनो, तुम्ही पुण्यात कुकर लावता, पोहे करता, मुलाचा डबा भरता. मग आईच्या घरी आल्यावर पाटावर बसून वाट का बघता? तुम्ही ओट्यापाशी उभे राहिलात तर तुमची आई नातवाजवळ बसेल. ती ‘नको, मी करते’ म्हणेल, आणि हेही खरं की तिला तुमच्या आवडीचे वडे, पातोड्या स्वतःच्या हातानं करायच्या असतील. तेवढं तिला करू द्या. पण रोजचं रांधणं, भांडी, आवरणं यांचा भार तिच्यावर राहिला तर नातू तिच्या वाट्याला येणार नाही. घरात मदतीला बाई येत असेल तर त्या आठवड्यापुरती तिची वेळ वाढवून घ्या आणि पैसे तुम्ही द्या.

दुसरं काम, नियम कमी करा. तुमच्या घरी लेकराच्या जेवणाचे, झोपेचे, खेळण्याचे शंभर नियम असतील आणि त्यातले बरेच योग्यही असतील. ते सगळे घेऊन आलात तर आजी प्रत्येक घासाला तुमच्याकडे बघत बसेल. त्यापेक्षा ज्यात तडजोड नाही असे तीन-चारच ठरवा, आल्याआल्या शांतपणे सांगा, आणि बाकीचं तिच्यावर सोडा. सकाळी दुधाऐवजी पेज दिली, गोड थोडं जास्त झालं, आंघोळ दुपारी झाली, तर बिघडत नाही. दोन घरांच्या दोन रीती असतात हे चार वर्षांच्या मुलालाही कळतं. परत गेल्यावर दोन दिवस कुरकुर करील आणि तुमच्या रीतीला लागेल.

तडजोड नको ती सुरक्षिततेच्या बाबतीत. इथल्या घरांचा विचार करून सांगते. आजी-आबाजींच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या बहुतेक टेबलावर, उशाशी नाहीतर देवघराच्या फळीवर उघड्या डब्यात असतात. लहान मुलाला त्या गोळ्या म्हणजे खाऊ वाटतो, आणि त्यातली एखादीही त्याच्या जिवावर बेतू शकते. घरात पाऊल टाकल्याबरोबर तो डबा कपाटात, वरच्या खणात, कुलपात गेला पाहिजे. हे काम तुम्ही स्वतः करा. मग पाणी. विहिरीवर झाकण, हौद आणि बादल्या रात्री रिकाम्या. गावाकडचं घर असेल तर बोडी आणि तलाव किती पावलांवर आहे ते बघून घ्या, आणि वैनगंगेच्या घाटावर जाताना लेकराचा हात मोठ्याच्या हातात, असा नियमच करा. आमच्या जिल्ह्याच्या जंगलपट्टीत मलेरिया पूर्वापार आहे, म्हणून झोपताना मच्छरदाणी हवीच. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दिवसांत जमिनीवर अंथरूण नको. मण्यार रात्रीची घरात शिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते. खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा, म्हणजे डास आणि साप दोन्हींपासून बचाव होतो.

खाण्यातही एवढं सांभाळा. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, सुपारीचे तुकडे लहान मुलाच्या हाती देऊ नका, ते श्वासनलिकेत अडकतात. कूट करून द्या. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर मध चाटवू नका. जुन्या घरांत ती पद्धत आहे, पण मधातून त्या वयात गंभीर आजार होऊ शकतो. हे आईला सांगताना, ‘तुला काही माहीत नाही,’ असा सूर नको. ‘डॉक्टरांनी बजावलं आहे’ म्हटलं तरी पुरतं.

एका कार्डावर लेकराचं वजन, तापाच्या औषधाचं नाव आणि किती मिलिलिटर द्यायचं ते, ॲलर्जी असेल तर ती, तुमच्या डॉक्टरांचा नंबर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावा. लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स आणि ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा. एवढं असलं की रात्री लेकरू तापलं तर आजीचे हातपाय गळत नाहीत.

मोबाईलचा नियम मात्र पाळाच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, म्हणजे इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, २०२१ मध्ये सांगितलं आहे की दोन वर्षांखालच्या मुलाला स्क्रीन नको आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून जास्त नको. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१९ मध्ये लहान मुलांसाठी असंच सांगितलं, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची डुलकी धरून १० ते १३ तास झोप हवी असंही म्हटलं आहे. बहुतेक घरांत आजी-आबाजी फोन आपणहून देत नाहीत. लेकरू बुजलेलं असतं, त्याला कसं रमवावं ते कळत नाही, आणि बॅगेतला फोन तुम्हीच काढून देता. तो काढू नका. सुरुवातीच्या दिवसांतला कंटाळा लेकराला आणि आजीला मिळून सोसू द्या. सुपापाशी येऊन बसणारं पोरगं त्या कंटाळ्यातूनच आलं होतं.

आता आबाजींबद्दल. आजीला निदान भरवण्या-झोपवण्यातून वाट सापडते. आबाजी अवघडतात. आयुष्यभर ते खाणीत, शाळेत, रेल्वेत, शेतात राबले, स्वतःच्या लेकरांनाही त्यांनी फारसं मांडीवर घेतलं नसेल. नातवाशी काय बोलावं हेच सुचत नाही, मग ते पेपर उघडून बसतात. त्यांना त्यांच्या कामाच्या वाटेनं नातवापर्यंत नेणं हे तुमच्या हातात आहे.

माझ्या ओळखीचे एक आबाजी भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत काम करून निवृत्त झालेले. त्यांच्या घरी दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून एक काळा दगड लावलेला असतो. नात तो सरकवायला गेली आणि तिला हलेना. दगड एवढासा, आणि इतका जड का? तिच्या वडिलांनी उत्तर दिलं नाही, म्हणाले, ‘आबाजींना विचार. त्यांनी काढला आहे तो.’ आबाजींनी पेपर खाली ठेवला. दगड दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवला, ओल्या फडक्यानं पुसला, तशी त्याची काळी चमक उठून आली. मग जमिनीखाली किती अंधार असतो, डोक्यावर दिवा कसा बांधतात, पिंजऱ्यातून खाली कसं उतरतात, हा दगड पोलादात घातला की पोलाद कसं मजबूत होतं, हे सगळं त्यांनी तिला सांगितलं. ‘तुझ्या शाळेच्या बसमध्ये थोडा हाच दगड आहे,’ असंही म्हणाले. पोरगी ऐकत होती, आणि दारात उभा असलेला तिचा बापही ऐकत होता. वडील एवढं बोलतात हे त्यालाच नवीन होतं.

प्रत्येक घरात असं काहीतरी असतं. कुणाचे आबाजी गोंदिया-जबलपूर नॅरोगेजवर होते. गेल्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेनं टाकलेली ती लहान रुळांची गाडी सातपुड्यातून शंभर वर्षांहून जास्त धावली, आता त्याच वाटेवर ब्रॉडगेज आहे. कुणाचे मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत होते. कुणाकडे अजून चार एकर धान आहे. तुम्ही लेकराला एवढंच म्हणा, ‘आबाजींना विचार.’ उत्तर तुम्हाला माहीत असलं तरी देऊ नका.

भाषेबद्दलही एक विनंती आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, भंडारा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरीक दोन्हीकडे, शेती दोन्हीकडे, मधून हद्द गेली. त्यामुळे आमच्याकडे शाळा आणि कचेरी हिंदीत, घरात मराठी, आणि शेजारी पोवारी, गोंडी. आजीच्या बोलण्यात हे सगळं मिसळलेलं असतं. तुमचं लेकरू चार दिवसांत ‘मी जेवून रायलो’ म्हणू लागेल. तेव्हा हसू नका, आणि आजीसमोर त्याला सुधारून घेऊ नका. तुम्ही हसलात की लेकरू आजीसारखं बोलायचं थांबतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आजी लेकराशी तुटक हिंदीत किंवा उसन्या पुस्तकी भाषेत बोलू लागते. मग गोष्टी संपतात, कारण तिच्या गोष्टी तिच्याच बोलीत आहेत. शाळेतली मराठी, हिंदी, इंग्रजी लेकराला वर्षभर मिळणारच आहे. ही बोली त्याला आजीवाचून कुणी देणार नाही.

पाहुणचाराच्या ऐवजी घरच्या माणसाचा वाटा लेकराला मिळू द्या. दिवाळीत यायचं ठरवलंत तर आमच्याकडे त्यासाठी फार चांगले दिवस असतात. मे महिन्याची लाही नसते, धान कापणीला आलेलं असतं, पाडव्याला गायगोधन असतं, आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. आबाजींच्या बोटाला धरून मंडईत जाणं, पिपाणी घेणं, जिलबी खाणं आणि झोप आली की खांद्यावर घरी येणं, एवढं लेकराला खूप होतं. कान्ह्यातले बारशिंगे आणि वाघ कुठे जात नाहीत. लेकरू आठ-दहा वर्षांचं झालं की पहाटेची जीप त्याला सोसते आणि जंगलही कळतं. तेव्हा न्या, आणि तब्येत बरी असेल तर आजी-आबाजींनाही गाडीत घ्या.

आठातला एक दिवस तुम्ही घरातून बाहेर पडा. लेकरू तीन वर्षांच्या वरचं असेल आणि रुळलं असेल तर सकाळी सांगून निघा आणि संध्याकाळी परत या. चोरून जाऊ नका, त्यानं लेकराचा विश्वास जातो. ‘संध्याकाळी दिवे लागले की येतो’ असं सांगा आणि तसं या. तुम्ही घरात असेपर्यंत प्रत्येक हट्ट तुमच्यापर्यंत येतो, आजीचा शब्द शेवटचा ठरत नाही. तो एक दिवस तिचा शब्द शेवटचा असतो. पण त्याआधी त्यांना मनापासून विचारा, ‘झेपेल का?’ सत्तरीतलं शरीर आहे. गुडघे आहेत, कंबर आहे, दुपारी पाठ टेकावीच लागते. नातू आला म्हणून आजी दुखणं सांगत नाही आणि तुम्ही गेल्यावर आठवडाभर अंथरुणाला खिळते, असं व्हायला नको. दुपारी सगळ्या घरानं झोपायचं. लेकराला उचलून घ्यायचं असेल तर आजीनं खाली बसायचं आणि लेकरानं मांडीवर चढायचं. दोघांतलं एकच उरलं असेल तर जास्तच जपा, आणि शक्य असेल तर जास्त दिवस राहा.

आणखी एक बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. लेकीचे आईवडील बहुतेकदा मागत नाहीत. मुलाच्या घरचं नातवंड येणं हा हक्क आणि लेकीच्या घरचं येणं ही मेहरबानी, असं अजूनही चालतं. दिवाळी सासरी झाली आणि माहेरी भाऊबीजेचे दोन दिवस, यात लेकीच्या आईच्या वाट्याला नातवंड येतच नाही. दोन्ही घरचे म्हातारे सारखेच म्हातारे आहेत. वर्षाचं कॅलेंडर काढून दोन्ही घरांना सारखे दिवस लिहा. हे जावयानं स्वतःहून मांडलं तर त्या घरात त्याची जागा मुलासारखी होते.

परत गेल्यावर धागा तुटू देऊ नका. लेकरानं आजीच्या अंगणात काहीतरी लावून यावं, लसणाची पाकळी, धन्याचे चार दाणे. मग फोनवर ‘आजीला हाय कर’ असं सांगावं लागत नाही, लेकरूच विचारतं, ‘माझा लसूण उगवला का?’ आजीलाही रोज बघून सांगण्यासारखं काही राहतं. आठवड्यातून एकदा, झोपायच्या वेळी, चेहरा न दाखवता नुसत्या आवाजावर आजीकडून गोष्ट ऐकवा. अंधारात आवाज ऐकताना लेकरू पळत नाही.

तीन-चार वर्षांचं मूल यातलं फारसं मोठेपणी आठवणार नाही, असं कुणी म्हणेल. पहिल्या तीन-चार वर्षांतलं आपल्यापैकी बहुतेकांना आठवत नाही, हे खरं. म्हणूनच एक भेट पुरत नाही, दरवर्षीची हवी. आठवणारं वय येईल तेव्हा लेकराला आजीचं घर आधीच आपलं वाटत असलं पाहिजे. आणि आजी-आबाजींना तर पहिल्या दिवसापासूनचं सगळं आठवणार आहे.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीपासून मागे मोजा, तारीख लिहून ठेवा, आणि त्या सकाळी तिकिटं काढा. परतीचं तिकीट मात्र पोचल्यापासून आठ दिवसांनंतरचं काढा. मग आईला फोन करून एवढंच सांगा, ‘आई, या वेळी स्वयंपाक मी करतो, लेकरू तू सांभाळ.’